उजवी बाजू मेणाची, डावी तेलाची

मी, खाली सही करणारा, धंद्याने गाड्या रंगवणारा आणि आता निवृत्त, वय सत्तरीच्या पुढे, नजर शाबूत, कान कामापुरते, हृदय डॉक्टरांच्या हवाली, असे लिहून ठेवतो की हे माझं पहिलं आणि, तब्येत पाहता, बहुधा शेवटचं मृत्युपत्र आहे. मी ते पूर्ण शुद्धीत लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तसा प्रयत्न केला होता. पण तिला बाहेर अंगणात थांबायला सांगितलं आहे आणि ती तिथे गाडीच्या डाव्या बाजूला तेल चोळत बसली आहे. खिडकीतून मला त्याचा वास येतो. त्या वासाने माझ्या शुद्धीवर काही परिणाम झालेला नाही, याची वकीलबाईंनी नोंद घ्यावी.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, आधी मालमत्ता सांगा. कोणाला काय द्यायचं ते मग बघू."

मालमत्ता येणेप्रमाणे. राहतं घर, तीन खोल्या आणि पुढचं अंगण. बँकेत जे काही असेल ते. वर्कशॉप बंद केल्यावर उरलेली हत्यारं. आणि एका जुन्या मोटारगाडीची उजवी बाजू.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "उजवी बाजू म्हणजे? गाडीत तुमचा अर्धा हिस्सा आहे, असं म्हणायचंय का?"

"नाही हो. उजवी बाजू. दोन दारं, दोन मडगार्ड, अर्धं बॉनेट आणि अर्धा टप. आत बसलात की तुमच्या उजव्या हाताला येईल ती. डावी बाजू ताईची. डिकी सार्वजनिक आहे."

माझ्या शुद्धीबद्दल वर जे लिहिलंय ते त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. म्हणून आधी खुलासा करणं भाग आहे.

आमचे वडील गाड्या रंगवायचे. मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. ताई तिथे रंग कालवायची आणि मी रंग फवारायची गन चालवायचो. ताईसारखा रंग जुळवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे मी लेखी देतो, तोंडी कधीही देणार नाही. उतारवयात वडिलांनी भंगारात निघालेली एक गाडी आणली आणि पत्रा ठोकण्यापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत सगळं एकट्याने केलं. ताईला रंगसुद्धा कालवू दिला नाही. ती त्यांनी रंगवलेली शेवटची गाडी. त्यानंतर त्यांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी गन खुंटीला लावली. जाताना आम्हा दोघांना सांगून गेले, "गाडी दोघांची. विकू नका. आणि तिच्यावर दुसरा रंग चढवू नका."

गाडीला इंजिन नाही. ते केव्हाच कोणीतरी काढून नेलं होतं. त्यामुळे ती चालवायचा प्रश्न येत नाही. तिचा रंग सांभाळायचा, एवढंच तिचं काम आणि एवढंच आमचं. पण जुन्या काळचा रंग हा उघडा असतो. हल्लीच्या गाड्यांना असतो तसा वरून पारदर्शक थर त्याला नाही. तो ऊन खातो, पांढरट पडतो, आणि बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागते. अशा वेळी आम्ही म्हणतो, रंगाने खडू सोडला. घासला तर चमकतो, पण प्रत्येक घासण्यात थोडा थोडा निघून जातो. मग तो न घासता सांभाळायचा कसा?

माझं म्हणणं, मेण. पिवळ्या डब्यातलं, घट्ट, ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवर येणाऱ्या मेणापासून केलेलं. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मऊ फडक्याने पुसायचा. वर झाकण बसतं, पाणी थेंबाथेंबाने पळून जातं. ताईचं म्हणणं, तेल. तपकिरी बाटलीतलं, रंगात मुरणारं. ती म्हणते, "वरून झाकण घालून काय होणार? आतून तहानलेलाय तो. त्याला पाजायला हवं." मेणाने चमक येते, तेलाने रंगाला खोली येते, हे मी निःपक्षपातीपणे सांगतो. पण तेलावर धूळ बसते. आणि धूळ बसली की ताई म्हणते, ती माझ्या बाजूने उडून आली.

वर्कशॉपमध्ये दोन कारागिरांत वाद झाला की वडील कोणालाही गप्प करत नसत. पत्र्याच्या तुकड्यावर मधोमध कागदी चिकटपट्टी मारायचे, एक बाजू याला, एक बाजू त्याला, आणि तुकडा छपरावर ठेवून द्यायचे. "ऊन ठरवेल," म्हणायचे. उन्हाने ठरवलं की पुढे कोणी तोंड उघडायचं नाही. वडील गेल्यावर गाडी वर्कशॉपच्या सावलीतून अंगणात आणली, त्याच दिवशी आम्हीही तेच केलं. ताईने पट्टीचं रीळ आणलं. तिने पुढचं टोक धरलं, मी मागचं, आणि बॉनेटच्या नाकापासून टपाच्या शेवटापर्यंत, मधली काच सोडून, सरळ रेघ ओढली. उजवी बाजू मेणाची, डावी तेलाची. दर महिन्याला गाडी ढकलून तिचं तोंड फिरवायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन सारखं. पट्टी जुनी झाली की तिच्यावरच नवी मारायची. जुनी काढायची नाही, कारण ती निघाली की सरहद्द कोण कुठे सरकवेल याचा भरवसा नाही. भरवसा ताईचा नाही, हे उघड आहे.

ऊन अजून ठरवतंच आहे. बाकीचं वकीलबाईंना समजलंय, असं त्या म्हणाल्या.

कलम पहिले. राहतं घर माझ्या भाच्याला, म्हणजे ताईच्या मुलाला, द्यावे. मला मूलबाळ नाही. एकदा लग्नाचं जमत आलं होतं. होणारे सासरे घर बघायला आले, अंगणात उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांनी चहाचा गरम कप बॉनेटवर ठेवला. उजव्या बाजूला. त्यांनी विचारलं, "मग मुलगी पसंत आहे ना?" मी आधी कप उचलला, खालचं वर्तुळ पुसलं, मेणाचा डबा आणला आणि मग हो म्हणालो. तोवर ते फाटकापर्यंत पोचले होते. मुलगी खरोखर चांगली होती. मला तिचं अजूनही वाईट वाटतं. पण ते वर्तुळ त्याच वेळी पुसलं नसतं तर ते आजही दिसलं असतं.

भाचा मुलगा म्हणून गुणी आहे. नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला आहे आणि गाड्यांवर काचेसारखा थर चढवण्याच्या विभागाचा तो साहेब आहे. गेली काही वर्षं तो एकच धोशा लावून बसलाय. "मामा, किती दिवस हे फडकं मारत बसणार? सगळं घासून काढू, प्रायमर मारू, नवा रंग, वर आमचा थर. आरशासारखी करून देतो." तो हे प्रेमाने बोलतो, याचंच मला जास्त भय वाटतं. दुष्ट माणसाला फाटकाबाहेर ठेवता येतं. घर त्याचं झालं की अंगण त्याचं, आणि अंगणात गाडी. म्हणून घर त्याला देताना अट अशी की गाडीवर पॉलिश पेपर चालवू नये. ही अट कोर्टात टिकेल का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अवघड आहे." म्हणजे वडिलांचा रंग राहणार की जाणार, हे गाडी कोणाच्या हातात पडते त्यावर आहे. ते कलम चौथ्यात.

कलम दुसरे. हत्यारं. वडिलांची रंगाची गन ताईला द्यावी. तिला ती कधीच चालवता आली नाही, पण वडिलांनी ती मला दिली म्हणून ताई तेव्हा जेवली नव्हती. आता जेवावे. पत्रा ठोकायच्या हातोड्या आणि ठोकळे भाच्याला. बँकेतलं जे असेल ते माझ्या औषधपाण्यातून उरलं तर त्याचंच. घासायचं विजेचं मशीन ताईच्या यजमानांना, म्हणजे भावोजींना, कोणत्याही परिस्थितीत मिळू नये. मशीन एका घरी आणि त्याची वायर दुसऱ्या घरी ठेवावी.

याचं कारण कलम तिसऱ्यात आहे.

कलम तिसरे. डिकी. आमची चाचणी सुरू झाली तशी जो येईल तो सल्ला द्यायला लागला. कोणाला नाही म्हणायचं? म्हणून डिकीवर पट्ट्या मारून चौकोन पाडले आणि ज्याचा सल्ला त्याला एक चौकोन दिला. आता प्रत्येक चौकोन, त्यावर जे काही उरलंय त्यासकट, ज्याचा त्याला परत करावा.

शेजारच्या गणिताच्या मास्तरांनी दात घासायची पेस्ट सुचवली. त्यांनी ती स्वतः लावली, बोटाने, गोल गोल. चमक आली, हे मान्य करतो. पण फटीत राहिलेली पेस्ट मुंग्यांना आवडली आणि पुढे बरेच दिवस डिकीवर मुंग्यांची रांग होती. मास्तरांचं म्हणणं, रांग सरळ आहे, म्हणजे पत्रा सपाट आहे.

न्हाव्याने केसांना लावायचं क्रीम लावलं. पहिल्या दिवशी असं झळकलं की मी मनातून हादरलो. दुसऱ्या दिवशी त्यावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसली आणि त्याच्याच दुकानातले बारीक केसही. चौकोनाला दाढी आली. न्हावी म्हणाला, "निदान केस तरी धरून ठेवतंय."

दूधवाल्याने रॉकेल लावलं. ओलं होतं तोवर सुंदर. वाळलं आणि पहिल्यापेक्षा मेलं. दूधवाला तोवर मार्ग बदलून दुसऱ्या गल्लीने जायला लागला होता.

भाच्याने त्याचा काचेचा थर चढवला. खरं सांगायचं तर चमक सगळ्यांत जास्त त्याचीच, आणि ती अजून टिकून आहे. पण त्याने ती पांढरट पडलेल्या रंगावरच चढवली. आता मेलेला रंग काचेखाली कायमचा सुरक्षित आहे. मी म्हणालो, "अरे, आधी रंग तरी जिवंत करायचास." तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो मामा, आधी सगळं घासून काढू." फिरून पुन्हा तिथेच.

भावोजींचा चौकोन शेवटचा. त्यांनी घासायची खरखरीत पेस्ट घेतली, म्हणजे रबिंग कंपाऊंड, आणि ते मशीन. मी घरात चहा टाकायला गेलो होतो. ताई ओरडली म्हणून बाहेर आलो तर भावोजी घामाने निथळत उभे आणि चौकोनाच्या जागी खालचा प्रायमर. तपकिरी. वडिलांचा रंग तिथे मुळीच नव्हता. भावोजी म्हणाले, "बघा, किती खोल मळ होता." ताई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. आमच्या चाचणीत तिची आणि माझी बाजू एकच होती, असा तो एकमेव आठवडा. भावोजींना तो तपकिरी चौकोन पूर्ण मालकी हक्काने देण्यात येत आहे.

कलम चौथे. गाडीची उजवी बाजू. ही ताईला देऊ नये.

याची कारणं मी सविस्तर लिहवून घेतो. एक तर उजवी बाजू तिच्याकडे गेली की दुसऱ्याच दिवशी तिच्यावर तेल पडणार. मग चाचणी संपली, आणि ताई जगभर सांगत सुटणार की उन्हाने ठरवलं. दुसरं असं की तिने माझ्या बाजूच्या भिंतीवर पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवलं, आणि गाडीचं तोंड फिरलं की ती भांडंही फिरवते. भूतदया म्हणून. पक्षी पाणी पितात आणि नंतर कुठे बसतात? मेणाच्या बॉनेटवर. त्यांची विष्ठा मेणातून रंगात उतरते, हे तिला वर्कशॉपमध्ये कालवायच्या टेबलापासून ठाऊक आहे. मी भांडं तिच्या बाजूला नेऊन ठेवलं तर म्हणाली, "अरे, इकडे ऊन लागतं. पाणी तापेल. त्या जिवांचे हाल होतील." तिसरं असं की मी मेण सरळ रेषेत लावतो, पुढून मागे, वारा जसा गाडीवरून जातो तसं. यावर ती गेली कित्येक वर्षं हसते. गाडीला इंजिन नाही, वारा कुठून येणार, असं पाहुण्यांसमोर विचारते.

भाच्यालाही उजवी बाजू देता येत नाही, कारण वर आलंच आहे. मग कोणाला द्यावी? ही जागा आज मोकळी ठेवावी. मला थोडं छातीत जड वाटतंय. वकीलबाई म्हणतात, उरलेलं पुढच्या बैठकीत.

वरील मजकूर आणि खालील मजकूर यांच्या दरम्यान मी दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी हृदयात काहीतरी घातलं आणि सांगितलं की आणखी एकदा आत यावं लागेल, आणि त्या वेळची खात्री देता येत नाही. ते स्वभावाने स्पष्ट आहेत. मला असा डॉक्टर आवडतो.

ताई रोज डबा घेऊन यायची. उशाशी बसायची, उशी सारखी करायची, नर्सला माझ्या लहानपणच्या खोड्या सांगायची. एकदा तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मला वास आला. तेलाचा नाही. पिवळ्या डब्याचा. आयुष्यभर तो वास माझ्याच हाताला आलाय, तो मला झोपेतही ओळखता येतो. ताप असेल म्हटलं.

भाच्याने मला घरी आणलं. मी खोलीत न जाता सरळ गाडीकडे गेलो. मधल्या दिवसांत जोराचा पाऊस होऊन गेला होता, आणि त्या सकाळीही एक सर येऊन गेली होती. उजव्या बाजूवर पाण्याचे थेंब गोल गोल उभे होते. ताज्या मेणावरच ते तसे राहतात. मी खाली वाकून पाहिलं. मेण सरळ रेषेत लावलेलं होतं, पुढून मागे.

"ताई, माझ्या बाजूला हात कोणी लावला?"

"पाऊस येणार होता," ताई म्हणाली. "तुझा रंग मेला असता, आणि मग तूच बोंबलत बसला असतास की हिने मुद्दाम मरू दिला."

"मग तेल का नाही लावलंस? मी बघायला होतो थोडाच?"

"वेडा आहेस का? मग चाचणी कुठे राहिली?" ती फडकं झटकत म्हणाली. "आणि काय रे ते मेण तुझं. हाताला चिकटतं, नखात जातं, तीनदा साबण लावला तरी जात नाही. कसला हट्ट तुझा. मला तर वाटतं डबा उघडतानाच तुझ्या हृदयावर ताण आला असणार."

मला तिथेच रडू आलं. हे मी स्पष्ट लिहवून घेतो, कारण ताई सांगताना ते वाढवून सांगेल. थोडंच आलं. ती म्हणाली, "आता डोळे पूस आणि इकडे ये. एक दाखवायचंय."

पावसाने पट्टीची टोकं सुटली होती. थरावर थर, थरावर थर, बोटाएवढी जाड झालेली ती पट्टी सगळी भिजून फुगली होती. तशीच ठेवली असती तर आतलं पाणी रंगात गेलं असतं, म्हणून ताईने ती काढली. सगळी. तळच्या पहिल्या पट्टीपर्यंत. खाली राहिलेला डिंक तिने तिच्या तेलाने भिजवून पुसला, आणि ते काम तेलाने चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. नवी पट्टी तिने मारली नव्हती. माझी वाट बघत थांबली होती.

बॉनेटच्या मधोमध, दोन बोटं रुंद, नाकापासून टपापर्यंत, एक रेघ होती. ऊन न लागलेली, मेण न लागलेली, तेल न लागलेली. वडिलांनी गन खाली ठेवली त्या दिवशीचा रंग.

गाडी निळी आहे, असं मी आजवर सांगत आलो. ताई सांगायची, राखाडी. यावरही आमची भांडणं झाली आहेत. ती रेघ निळी नव्हती आणि राखाडीही नव्हती. ती हिरव्याकडे झुकणारी होती, आत खोलवर, पाण्याखालच्या शेवाळासारखी. आम्ही दोघं बघत राहिलो. ताई, जिने आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे रंग डोळ्याने जुळवले, ती म्हणाली, "अरे, मी तर बाबांचा रंगच विसरले होते. इतकी वर्षं चुकीचा रंग डोक्यात धरून बसले."

"मीसुद्धा."

"तू तर निळा म्हणत होतास. निळा म्हणे." तिला नाकातून हसू फुटलं आणि डोळेही भरले. मग म्हणाली, "लागला बघ निकाल. तू हरलास, मी हरले. पट्टी जिंकली."

"मग आता सगळ्या गाडीला पट्टी मारायची का?"

भाचा मागे उभा होता. तो रेघेवरून बोट फिरवत गेला आणि आला. बोटाला काही लागलं नाही. मग त्याने विचारलं, "आजोबांनी हा कशात काय घालून केला होता?"

"मला तरी कुठे सांगितलं," ताई म्हणाली. "मला रंगाला हात लावू दिला नव्हता."

"म्हणजे हा पुन्हा होणार नाही."

"नाही."

त्यानंतर सगळं घासून काढायची भाषा त्याने केली नाही. पण मी त्याला ओळखतो. चमक हा त्याचा धंदा आहे आणि मी जवळ असणार नाही. म्हणून पुढील कलमं काळजीपूर्वक वाचावीत.

कलम पाचवे. कलम चौथे रद्द समजावे. वकीलबाई म्हणाल्या, रद्दच करायचं तर ते पान काढून नव्याने लिहू. मी म्हणालो, नको. ताईला कळलं पाहिजे की आधी काय लिहिलं होतं. गाडीची उजवी बाजू, तिच्यावरील मेणासकट, ताईला द्यावी. तिच्यावर कसलीही अट नाही. तिने उजव्या बाजूला तेल लावलं तरी माझी हरकत नाही. हे वाक्य लिहवून घ्यायला मला वेळ लागला. ती लावणार नाही, हे मला ठाऊक आहे, पण म्हणून हरकत नाही असं नव्हे. खरोखरच नाही. पिवळे डबे माझ्या खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात आहेत. हाताला चिकटू नये म्हणून आधी बोटांना थोडं पाणी लावावं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

हे कलम वाचून दाखवताना वकीलबाई हसल्या. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "काही नाही काका. दुसऱ्या अशिलाच्या गोष्टी मला बोलता येत नाहीत." मी विचार केला. गाडीच्या अर्ध्या भागाचं मृत्युपत्र करायला यांच्याकडे दुसरं कोण गेलं असणार? आणि मग मी विचारलं नाही. डावी बाजू कोणाच्या नावावर निघाली आहे, ते मी मुद्दामच विचारलेलं नाही. माझ्या आधी ताई जाणार नाही. तिने तसं करू नये, ही विनंती.

कलम सहावे. मधली रेघ. ही उजव्या बाजूतही येत नाही आणि डाव्या बाजूतही नाही. ती माझी नाही आणि ताईचीही नाही, तरी ती देण्याचा अधिकार आम्हा दोघांना आहे, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. ती भाच्याला द्यावी. तिच्यावर त्याने काही लावू नये. मेण नाही, तेल नाही, त्याचा थर नाही. फक्त कागदी पट्टी, आणि ती पावसात भिजेपर्यंत ठेवू नये. वेळीच काढावी, रेघ एकदा बघावी, आणि त्याच दिवशी नवी मारावी. सरहद्द सरकेल याची काळजी आता नको. रेघच सरहद्द दाखवेल.

पट्टी सरळ मारायला दोन माणसं लागतात. एकट्याने मारली की ती वाकडी जाते, मग हात कितीही कसलेला असो. पुढचं टोक ताई धरते. ते तिच्याकडेच राहावं. मागचं टोक माझं. माझ्यामागे ते भाच्याने धरावं, आणि ताई "ताण, ताण, अरे जरा ताण" असं ओरडेल तेव्हा उलट बोलावं. मी बोलायचो. गप्प माणूस समोर असला की तिला काम सुचत नाही.

ताईही थकली की पुढचं टोक भाच्याकडे जाईल आणि मागचं रिकामं राहील. तेव्हा त्याने एक माणूस शोधावं. बायको, मुलगी, मित्र, कोणीही. ज्याला चमकवायच्या वस्तूंबद्दल काहीतरी ठाम म्हणायचं आहे आणि जे भाच्याचं अजिबात ऐकत नाही, असं. त्याला गाडीची एक बाजू द्यावी. बाकीचं ऊन बघून घेईल.

वरील सर्व मजकूर वकीलबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, काही ठिकाणी माझ्यापेक्षा सभ्य आहे. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. त्यामुळे डिकीवर चौकोन असलेले सगळे बाद होत होते आणि गल्लीत कोणी उरेना. शेवटी गणिताच्या मास्तरांनी आपल्या चौकोनावर पाणी सोडलं आणि सहीला आले. मुंग्यांसकट, असं त्यांनी स्वतः लिहवून घेतलं.

सही: उजव्या बाजूचा मालक

साक्षीदार पहिला: शेजारचे गणिताचे मास्तर, डिकीवर आता कोणताही हक्क नसलेले

साक्षीदार दुसरा: डॉक्टर, लिहून देणारा सही करताना शुद्धीत होता, असे प्रमाणित करून. हट्टी आहे, असेही त्यांनी जोडले.

स्थळ: आमचं अंगण, गाडीजवळ

दिनांक: नवी पट्टी मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. खरी तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे.

सहीनंतरची नोंद. हे मृत्युपत्र ताईला दाखवायचं नव्हतं. सही झाल्यावर मी हात धुवायला आत गेलो आणि आलो, तर पाचव्या कलमाच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याचा एक चिकट डाग पडलेला होता. वकीलबाई म्हणतात, डाग आहे तरी कागद कायदेशीर आहे. मी आज डबा उघडलेला नव्हता, तरी तो हुंगून पाहिला. डाग मेणाचा आहे.